लहानाचं अंतर

हे वाचायची घाई नको. मधे थांबायला सांगेन तिथे थांबा, एखादा भाग दोनदा वाचलात तरी चालेल. मननाला बसताना माणसं सहसा दिव्याची ज्योत घेतात, श्वास घेतात, नाम घेतात. आज आपण तेलविहीर घेऊ. तीही नावाजलेली नव्हे. खोल समुद्रात तेल सापडलं, पण थोडंच सापडलं, म्हणून जिला टोपण घालून रिग पुढे निघून गेली, अशी एखादी.

सुरुवात मात्र मावळातून करायची, कारण त्या तेलाखालचा दगड इथला आहे.

कामशेतहून नाणे मावळात शिरलं की कुंडली नदीवर वडिवळ्याचं धरण आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काठाचा काळा दगड उघडा पडतो. त्यातला मुठीएवढा एक तुकडा मनाने उचला. त्याचं वजन हाताला जाणवू द्या. ऊन त्याच्यात मुरलेलं आहे, तळव्याला चटका बसेल. आता तो डोळ्यांजवळ आणा. त्यात बारीक पोकळ्या दिसतील, काही रिकाम्या, काहींमध्ये पांढरे चकचकीत स्फटिक बसलेले. लाव्हा थंड होत होता तेव्हा त्यातला वायू वर यायला पाहत होता. काही बुडबुडे निसटले, काही अडकले. अडकलेल्यांची जागा तशीच राहिली आणि पुढे झिरपत्या पाण्याने आणलेल्या खनिजांनी त्यातल्या काही जागा भरल्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं हे काम. भूशास्त्रज्ञ या थरांना डेक्कन ट्रॅप म्हणतात. कार्ले, भाजे आणि बेडशाची लेणी याच दगडात कोरलेली आहेत.

या दगडाचे थर मावळात जवळपास आडवे आहेत. लोहगड-विसापूरचे कडे पाहिले की ते कळतं, पायऱ्या पायऱ्यांनी रचल्यासारखे. आता एक थर धरा आणि नजर पश्चिमेकडे सरकवा. बोरघाट संपतो, खोपोली मागे पडते. पनवेलच्या आसपास तेच थर समुद्राच्या बाजूला कलू लागतात. भूशास्त्रात या वाकाला पनवेलचंच नाव आहे, पनवेल फ्लेक्शर. इथून पुढे तो दगड आपल्याला सोडून खाली जातो. उरणची खाडी येते, समुद्र येतो, आणि तुमच्या हातातल्या तुकड्याचे भाऊबंद पाण्याखाली आणि गाळाखाली उतरत राहतात.

त्यांच्याबरोबर उतरा. सावकाश.

मुंबईच्या पश्चिमेला साधारण १६० किलोमीटरवर मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. तिथे पाणी सत्तर-ऐंशी मीटर खोल. त्याखाली मऊ चिखल, मग घट्ट माती, मग चुनखडकाचे आणि शेलचे, म्हणजे दबून दगड झालेल्या चिखलाचे, थर, एकाखाली एक, आणि जवळपास दोन किलोमीटर खाली बऱ्याच ठिकाणी पुन्हा आपला ट्रॅप. त्या ट्रॅपच्या लगेच वर जे थर आहेत त्यांना पन्ना फॉर्मेशन म्हणतात. त्यांच्या तळाशी ट्रॅप झिजून झालेला गाळ आहे आणि वर, त्या काळातल्या दलदलींमध्ये कुजलेला वनस्पतींचा ऐवज मिसळलेला काळा शेल. जिथे हा शेल खोल दबला आणि तापला, तिथे त्यातून तेल आणि वायू सुटले. हलके असल्यामुळे ते वर निघाले. वाटेत सच्छिद्र चुनखडक भेटला, त्यावर शेलचं झाकण भेटलं, आणि ते थांबले. काही ठिकाणी तर तेल ट्रॅपच्या भेगांमध्येच शिरून बसलं आहे. मुंबई हाय आणि हीरा या क्षेत्रांतल्या काही विहिरींना तळाच्या त्या दगडातून तेल मिळालेलं आहे.

इथे थोडं थांबा. पृथ्वीच्या पोटात तेलाची तळी असतात अशी एक समजूत आपण लहानपणापासून बाळगलेली असते. ती बाजूला ठेवा. खाली तळं नाही, दगडच आहे. कपड्यात जशी ओल असते तसं तेल त्या दगडात आहे, डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांत, पाण्याच्या शेजारी. कुठे छिद्रं एकमेकांना जोडलेली, कुठे तुटक. मोठा साठा म्हणजे मोठा उंचवटा, जाड थर, जोडलेली छिद्रं आणि वरून घट्ट झाकण, हे सगळं एका ठिकाणी जमून येणं. लहान साठ्यात यातलं एखादं अर्धवट असतं. उंचवटा आखूड असतो, नाहीतर मधूनच एखादा भ्रंश जातो आणि पलीकडे नुसतं पाणी लागतं.

आता वर या, रिगवर.

रात्रीची वेळ आहे. ड्रिलिंग चालू आहे. खालून चिखलासारखा मड वर येतो, तो थरथरणाऱ्या जाळ्यांवर पडतो. मड गळून खाली जातो आणि जाळीवर दगडाचा चुरा उरतो, तांदळाच्या कणीएवढा. जिओलॉजिस्ट त्यातला चमचाभर उचलतो, धुतो, छोट्या ताटलीत पसरतो आणि केबिनमधल्या काळ्या खोक्यात अतिनील दिव्याखाली धरतो. साध्या उजेडात राखाडी दिसणाऱ्या त्या कण्यांमधली एखादी तिथे पिवळसर, सोनेरी चमकते. मग तो त्यावर सॉल्व्हंटचा एक थेंब टाकतो. कणीतून चमक ओघळून थेंबात पसरली, तर तेल आहे. किती आहे ते अजून कोणालाच माहीत नाही. चमचाभर चुऱ्यात आहे, एवढंच.

त्या ताटलीकडे जरा वेळ पाहा. सरकारी अहवाल, मंत्र्यांचं निवेदन, शेअर बाजारातली हालचाल, सगळं या ताटलीनंतर येतं.

किती आहे हे ठरवण्याची रीत मला या सगळ्या धंद्यातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वाटते. विहिरीची टेस्टिंग करतात. लोखंडी नळी खाली सोडून विहीर वाहू देतात, तेल-वायू-पाणी वेगळं करून मोजतात, वायू आणि तेल लांब दांड्याच्या टोकाला जाळतात. समुद्रावर ती मोठी ज्वाला दिसते, फोटो तिचाच छापला जातो. पण खरी माहिती मिळते ती त्यानंतर, विहीर बंद केल्यावर. वाहतं तेल अडवतात आणि खाली ठेवलेल्या मापकावर दाब कसा परत चढतो ते पाहत बसतात. तास जातात, कधी दिवस. दाब झपाझप वर आला आणि जिथून सुरुवात झाली होती तिथेच येऊन ठेपला, तर मागे भरपूर आहे. हळूहळू चढून पूर्वीच्या पातळीच्या खालीच अडला, तर समजायचं की एवढ्याशा वाहण्यानेही साठ्याला फरक पडला. साठा लहान आहे.

या जागी खरोखर थांबा. श्वास आत घ्या, सोडा, आणि सोडल्यानंतर काही क्षण तसेच राहा. काहीही न काढता, काहीही न घालता. एखाद्या गोष्टीत किती आहे ते तिच्यातून काढून कळत नाही, काढणं थांबवून ती परत कुठवर भरते ते पाहिल्यावर कळतं. रिगवर या बघत बसण्याचं भाडंही चालूच असतं, तासागणिक. तरी थांबतात.

आणि समजा, कळलं की लहान आहे. मग?

मग ती विहीर सिमेंटने बंद करतात, नकाशावर एक अक्षर आणि एक आकडा लिहितात, आणि रिग पुढे जाते. मुंबईच्या समुद्रातल्या मोठ्या क्षेत्रांना हीरा, पन्ना, नीलम, मुक्ता अशी जवाहिऱ्याच्या दुकानातली नावं मिळाली. लहानांच्या वाट्याला बी-४५, बी-१९२, डब्ल्यूओ-१६, डी-१ असले आकडे आले. ज्याला नाव ठेवलं नाही ते विसरायला सोपं जातं.

पण ‘लहान’ म्हणजे किती? आजच्या मननाचा प्रश्न हा आहे, म्हणून त्यावर घाईने पुढे जाऊ नका. जमिनीवर, गुजरातेत अंकलेश्वरच्या शेतात, एखाद्या विहिरीतून दिवसाला काही बॅरल तेल मिळालं तरी ते टँकरमध्ये भरून नेतात, तिला कोणी लहान म्हणून सोडून देत नाही. तेवढंच तेल समुद्रात १५० किलोमीटर आत सापडलं तर ते नसल्यात जमा. तेल तेच. बदललं काय? पाण्याची खोली, किनाऱ्याचं अंतर, आणि शेजारी कोणी आहे की नाही.

नाणे मावळातल्या खाचरांकडे पाहिलं की हे पटकन समजतं. वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेला इंद्रायणी तांदूळ पिकवणारी ही खाचरं कधी कधी गोधडीच्या तुकड्याएवढी असतात. एकेका खाचरासाठी स्वतंत्र पाट कोणी काढत नाही. वरच्या खाचराच्या बांधातून पाणी खालच्याला देतात, एकच चारी दहा जणांना पुरते. चारीपासून लांब, एकटं पडलेलं खाचर कितीही कसदार असलं तरी पडीक राहतं.

समुद्रात हेच करतात, त्याला क्लस्टर म्हणतात. आठ-दहा किलोमीटरवरचे दोन-तीन लहान साठे एकत्र धरायचे. प्रत्येकावर माणसं राहतील असा मोठा प्लॅटफॉर्म उभारायचा नाही, नुसता विहिरींच्या तोंडांपुरता, बिनमाणसांचा छोटा सांगाडा ठेवायचा. सगळ्यांचं तेल समुद्रतळावरच्या नळांनी एका सामाईक प्लॅटफॉर्मकडे आणायचं, तिथे पाणी आणि वायू वेगळे करायचे, आणि तिथून जुन्या मोठ्या पाइपलाइनला जोडून द्यायचं. मुंबई हायचं तेल समुद्राखालून दोनशे किलोमीटरच्या नळाने उरणला येतं. तो नळ मोठ्या क्षेत्राने आपल्या भरभराटीच्या दिवसांत घातलेला आहे. मोठ्याचं उत्पादन उतरलं की त्यात जागा होते. १९८९ च्या सुमारास मुंबई हायमधून दिवसाला पावणेपाच लाख बॅरलच्या आसपास तेल येत होतं, आता त्याच्या निम्मंही येत नाही. रिकामा होत चाललेला नळ आणि शेजारी पडून राहिलेले छोटे साठे, यांची वेळ एकमेकांना जुळते.

त्यातही एक घड्याळ टिकटिकत असतं. नळ गंजतो, जुना प्लॅटफॉर्म थकतो. तो मोडीत निघण्याआधी शेजारच्या लहानाला जोडून घेतलं नाही, तर नंतर त्याच्यासाठी कोणी नवा नळ घालणार नाही. थांबण्याची किंमत असते आणि थांबण्याची मुदतही असते. दोन्ही एकाच वेळी मनात धरून पाहा. अवघड जातं.

तीन गोष्टी सांगतो. एकेक ऐकून झाली की मधे थोडी जागा सोडा.

पहिली डी-१ ची. मुंबईच्या नैऋत्येला सुमारे २०० किलोमीटरवर हा साठा १९७६ मध्ये सापडला. मुंबई हायचं उत्पादन त्याच वर्षी सुरू झालं होतं, सगळं लक्ष तिकडे. डी-१ लांब होता, एकटा होता, किफायतशीर नाही असं ठरलं. तीस वर्षं गेली. २००६ मध्ये, तेलाचे भाव वर असताना, तिथून उत्पादन सुरू झालं. तिथवर ठीक. पण पुढे आणखी विहिरी खोदल्यावर ध्यानात आलं की साठा पहिल्या अंदाजाच्या कितीतरी पट आहे. २०१३ च्या सुमारास ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीचे लोक त्याला मुंबई हाय आणि हीरानंतरचं पश्चिम किनाऱ्यावरचं तिसरं मोठं क्षेत्र म्हणू लागले. तीस वर्षं आकड्याच्या नावाने पडून होता तो.

दुसरी रत्ना आणि आर-सिरीजची. याला नाव मिळालेलं, तरी नशीब उलटं. मुंबईच्या नैऋत्येला सुमारे १३० किलोमीटर. ओएनजीसीने तिथून १९८३ ते १९९४ तेल काढलं, मग ते क्षेत्र खासगी कंपन्यांना द्यायचं म्हणून बंद केलं. १९९६ मध्ये एस्सार ऑइल आणि प्रीमियर यांच्या गटाला ते देण्याचं ठरलं. करारावर सही काही झाली नाही. रॉयल्टीचा वाद, दराचा वाद, फायली इकडून तिकडे. मार्च २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तो निर्णय रद्द करून क्षेत्र ओएनजीसीला परत दिलं. वीस वर्षं. समुद्रात खारं पाणी लोखंड खात राहिलं, खालच्या तेलाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. हे ऐकताना मनात राग आला तर येऊ द्या. मलाही येतो. अंतर किलोमीटरमध्येच मोजायचं असतं असं नाही, मंत्रालयाच्या दोन टेबलांमधलंही मोजावं लागतं.

तिसरी सागर सम्राटची. एक रुपयाची नोट खिशात असेल तर मागची बाजू पाहा, समुद्रात उभी असलेली रिग दिसेल. तीच. १९७३ मध्ये जपानमध्ये मित्सुबिशीने बांधलेली, समुद्रतळावर पाय टेकून स्वतःला पाण्याबाहेर उचलून घेणारी. फेब्रुवारी १९७४ मध्ये तिने मुंबई हायला तेल शोधलं. त्याआधी सोव्हिएत सर्वेक्षण जहाजाने हा उंचवटा टिपला होता, पण उंचवट्यात तेल आहे हे खोदल्याशिवाय सिद्ध होत नाही. ती रिग पुढे म्हातारी झाली. साधारणपणे अशा रिगा अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात जातात. सागर सम्राटचं मात्र रूपांतर करायचं ठरलं, खोदणाऱ्या रिगचं तेल वेगळं करणाऱ्या फिरत्या प्लॅटफॉर्ममध्ये. २०११ मध्ये त्याचं कंत्राट दिलं गेलं. काम रखडलं, इतकं की अनेकांनी तो नाद सोडला असावा. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये ती पुन्हा समुद्रात उभी राहिली. कुठे? डब्ल्यूओ-१६ नावाच्या क्लस्टरवर, मुंबईपासून सुमारे १४५ किलोमीटरवर. लहान साठ्यांवर.

देशाचं सर्वांत मोठं तेलक्षेत्र जिने शोधलं ती रिग आता उरल्यासुरल्या तेलाची राखण करते. मला यात काही कमीपणा दिसत नाही. उलट अशा फिरत्या प्लॅटफॉर्मचा मोठा फायदा हा की साठा संपला की पाय वर घ्यायचे आणि पुढच्या साठ्याकडे जायचं. कायमचा सांगाडा त्याच जागी गंजत ठेवावा लागत नाही.

सरकारनेही २०१५ मध्ये या लहानांसाठी वेगळं धोरण आणलं. २०१६ च्या पहिल्या फेरीत ६७ साठे ४६ गटांत बांधून लिलावाला ठेवले. आधीचा तेलधंद्याचा अनुभव असलाच पाहिजे अशी अट काढली, सेस माफ केला, नफ्याच्या हिशेबाऐवजी महसुलात थेट वाटा ठरवला. मुंबईच्या समुद्रातला बी-८० त्याच फेरीत हिंदुस्तान ऑइल एक्स्प्लोरेशन आणि तिच्या भागीदाराकडे गेला. दोन विहिरी, एक भाड्याचा फिरता प्लॅटफॉर्म, तेल साठवायला उभं केलेलं एक जहाज, आणि वायूसाठी शेजारच्या ओएनजीसीच्या नळाची जोडणी. २०२२ मध्ये तिथून उत्पादन सुरू झालं. सगळ्याच गटांचं असं झालेलं नाही. लिलावात घेतलेले कितीतरी साठे कागदावरून समुद्रात पोहोचलेच नाहीत, कारण अनुभवाची अट काढली म्हणून समुद्र सोपा होत नाही.

आता एक छोटा हिशेब करू. डोळे मिटून करता येईल इतका सोपा.

डब्ल्यूओ-१६ मधून दिवसाला सहा हजार बॅरलची भर पडेल असं सांगितलं गेलं होतं. एका बॅरलमध्ये १५९ लिटर. म्हणजे साडेनऊ लाख लिटर, रोज. वडिवळ्याच्या काठावर उभं राहून एवढं तेल डोळ्यांसमोर आणा. टँकरमागून टँकर, पन्नासच्या घरात. आता दुसरीकडून पाहा. भारत दिवसाला पन्नास लाख बॅरलहून जास्त तेल वापरतो. ते सहा हजार बॅरल देशाच्या एका दिवसातली दोन मिनिटंही पुरत नाहीत. एक्स्प्रेस-वेवर कामशेतच्या बोगद्यात शिरलेल्या गाड्या बाहेर पडून थोड्या पुढे जाईस्तोवर क्लस्टरचं दिवसाचं तेल संपलेलं असतं.

दोन्ही चित्रं खरी आहेत. एकाने दुसऱ्याला पुसू नका. मन लगेच त्यातलं एक निवडायला बघेल. विकास हवा असलेलं मन टँकर मोजेल, निसर्गाची काळजी असलेलं मन दोन मिनिटं मोजेल. दोघांनाही शेजारी शेजारी बसू द्या.

आणि मग त्यांच्या मधे काही माणसं बसवा. जुहूच्या विमानतळावरून हेलिकॉप्टरने जाणारी, चौदा दिवस तिकडे आणि चौदा दिवस घरी अशा पाळ्या करणारी. २७ जुलै २००५ हा दिवस मुंबईकरांना आदल्या दिवशीच्या पुरामुळे आठवतो. त्या दिवशी मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मवर बोटांना इजा झालेल्या एका माणसाला समुद्र सुरक्षा नावाच्या जहाजातून वर चढवून घेत असताना जहाज लाटेने प्लॅटफॉर्मवर आदळलं. वायूचा नळ फुटला, आग लागली, आणि दोन तासांत तो अख्खा प्लॅटफॉर्म समुद्रात गेला. बावीस माणसं गेली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात हीरा क्षेत्राजवळ पी-३०५ ही बार्ज बुडाली. ती आणि वरप्रदा ही टग मिळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. ती बहुतेक कंत्राटी कामगार होती. वादळाचा इशारा आलेला होता.

लहान साठ्यांच्या हिशेबात खर्च कुठे वाचवायचा, हा प्रश्न सतत असतो. बिनमाणसांचा प्लॅटफॉर्म हा वाचवण्याचा चांगला मार्ग आहे, त्याने माणूस धोक्यापासून लांब राहतो. भाड्याची स्वस्त बार्ज आणि वादळ डोक्यावर येईपर्यंत लांबवलेलं काम हा वाईट मार्ग आहे. दोन्ही एकाच रकान्यात बचत म्हणूनच लिहिले जातात.

मासेमारांनाही इथे बोलवायला हवं. प्रत्येक प्लॅटफॉर्मभोवती पाचशे मीटरचं वर्तुळ बोटींना बंद असतं. एका प्लॅटफॉर्मचं ते काही वाटत नाही, पण लहान साठ्यांची संख्या वाढली की वर्तुळंही वाढतात. पालघर-डहाणूकडच्या मच्छीमारांनी सिस्मिक सर्व्हेला वेळोवेळी विरोध केला आहे. हवेच्या दाबाचे धमाके करत जहाज ऐन हंगामात फिरतं, जाळी काढून घ्यावी लागतात. मावळातल्या माणसाला हा राग समजावून सांगावा लागत नाही. शिरवता, वळवण, लोणावळा या तलावांचं पाणी खोपोलीला उतरून १९१५ पासून मुंबईला वीज देतं आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेचं पाणी शहराकडे नेणाऱ्या बंद पाइपलाइनविरुद्ध बऊरजवळ एक्स्प्रेस-वेवर उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, तिघे गेले. नळ कोणाच्या उशाजवळून जातो आणि कोणाच्या घरी उघडतो, हे विचारण्याचा हक्क या तालुक्याने रक्ताने कमावलेला आहे.

तर मग काढावं की नाही? मनन म्हणजे मत न देणं अशी एक सोयीची समजूत असते. मी तिच्यात नाही. मला वाटतं, जिथे जुना नळ आणि जुना प्लॅटफॉर्म शेजारी आहे, तिथे लहान साठे काढून घ्यावेत. आपण लागतं त्यातलं ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून आणतो, तेव्हा घरचं जवळचं तेल सोडून होर्मुझच्या सामुद्रधुनीतून आणण्यात कसलंही पुण्य नाही. पण केवळ लहानासाठी नवा नळ, नवं बंदर, पुढच्या चाळीस वर्षांची नवी गुंतवणूक, हे नको. तेवढं काम एकदा केलं की ते फेडण्यासाठी आणखी तेल शोधावं लागतं, आणि मग थांबायचं कधी याचं उत्तर कोणाकडेच राहत नाही. तुमचं मत वेगळं असेल. ते थोडा वेळ माझ्या मताशेजारी ठेवून पाहा, लगेच भांडायला लावू नका.

शेवटची पायरी बंद करण्याची. तिच्याबद्दल बोलणं सगळेच टाळतात. उत्पादन सुरू होतं तेव्हा नारळ फुटतो, बंद होतं तेव्हा बातमीही येत नाही. लहान साठ्याचं आयुष्य थोडं असतं, त्यामुळे तो सुरू करतानाच त्याच्या शेवटाचा विचार करावा लागतो. पैसे आधीच वेगळे काढावे लागतात, आपल्याकडे त्यासाठी १९९९ पासून निधीची योजना आहे. ताप्ती क्षेत्रातले प्लॅटफॉर्म उतरवणं हे समुद्रातलं भारतातलं पहिलं मोठं असं काम. ते कसं होतं ते मनाने एकदा करून पाहा, सावकाश, एकेक टप्पा. आधी विहिरीत खोलवर सिमेंटचा बूच, मग त्याच्यावर दाब देऊन तो टिकतो का याची परीक्षा. मग वरचा बूच. नळ धुवून रिकामे. लोखंडी पाइप समुद्रतळाच्या काही मीटर खाली कापायचे, म्हणजे चिखलाच्या वर काही डोकावणार नाही. सांगाडा सुटा करून बार्जवर चढवायचा आणि किनाऱ्याला न्यायचा. घाई केली तर यातलं कुठलंही काम वरून नीट दिसतं आणि आत गळत राहतं.

आणि मग तपासणी. मेक्सिकोच्या आखातात यासाठी एक जुनी, सरळ पद्धत आहे. जिथे प्लॅटफॉर्म होता तिथून कोळंबीवाल्यांची बोट नेतात आणि तळाला टेकलेलं जाळं त्या जागेवरून उभं-आडवं ओढतात. लोखंडाचा तुकडा, तुटकी साखळी, विसरलेला नळ, काही असेल तर ते जाळ्याला लागतं. जाळं न फाटता वर आलं तरच जागा मोकळी झाली अशी नोंद होते. पालघरच्या किंवा उत्तनच्या एखाद्या तांडेलाला आपल्याकडे हे काम द्यायला कोणाची हरकत असू नये.